बाबांची निळी पट्टी

लेटरहेड स्क्रीनवर कडेपर्यंत छान दिसतं आणि प्रिंट काढली की चारी बाजूंनी पांढरी पट्टी सुटते. तुमचंही झालंय ना असं? दुकान, क्लास, सोसायटी, मंडळ, कुणाचं ना कुणाचं लेटरहेड हल्ली घरच्याच प्रिंटरवर निघतं, म्हणून लिहितेय.

इंदूरला आमच्या बाबांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. त्यांच्या लेटरहेडवर या कडेपासून त्या कडेपर्यंत निळी पट्टी, तिच्यात पांढऱ्या अक्षरांत नाव. ते छापणारा छापखाना बंद झाला, पुढे बाबाही गेले. आता दुकान धाकटा भाऊ बघतो. एका शाळेला कोटेशन द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि छापील कागद संपलेले. त्याने जुना कागद स्कॅन करून वर्डमध्ये टाकला आणि रात्री मला फोन केला, "ताई, बाबांची पट्टी आखडली गं!"

यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली वर्डची. चित्र साधं पेस्ट केलं की ते मार्जिनच्या आत बसतं, आणि मार्जिन असतो नेहमीचा 2.54 सेंटीमीटर. म्हणून हेडरवर डबल क्लिक करा, चित्र तिथे घाला, 'रॅप टेक्स्ट'मध्ये 'बिहाइंड टेक्स्ट' निवडा. आता ते मोकळं झालं. रुंदी 21 सेंटीमीटर करा आणि ओढून थेट कोपऱ्यात न्या. मजकुराचे मार्जिन तसेच राहू द्या. ते शून्य केले तर पत्र कागदाबाहेर सांडायला लागतं. कागदाचा आकारही बघा. ए-फोर 210 बाय 297 मिमी. पण फाइल 'लेटर' आकाराची असेल तर तिची उंची 279 मिमीच. मग प्रिंटर सगळं पान लहानमोठं करून बसवतो. पीडीएफ असेल तर 'फिट'ऐवजी 'अॅक्चुअल साइज' निवडा.

एवढं करूनही भावाच्या कागदावर चारेक मिमीची पांढरी कड उरलीच. ही दुसरी गोष्ट, आणि ती वर्डच्या हातात नाही. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेला छापतच नाहीत. काही इंकजेटमध्ये 'बॉर्डरलेस' असतं; ते चित्र किंचित मोठं करून कडा बाहेर सोडतं. लेझरमध्ये बहुधा नसतंच. भावाचा लेझर.

मग छापखान्यात कसं जमतं? ते मोठ्या कागदावर छापतात, रंग कडेच्या 3 मिमी पुढे नेतात आणि मग कापतात. घरी ए-थ्रीवर छापून कापता येईल, पण एका कोटेशनसाठी कोण कापत बसणार?

मी म्हटलं, पट्टी चारी बाजूंनी एक सेंटीमीटर आत घे, म्हणजे ती कड मुद्दाम सोडल्यासारखी दिसेल. तो गप्प झाला. "बाबांची तशी नव्हती," एवढंच म्हणाला. मला खरं तर आत घेतलेली पट्टी जास्त नेटकी वाटत होती, पण मी ते बोलले नाही.

त्या रात्री कोटेशन आतल्या पट्टीवरच निघालं आणि वेळेत पोचलं. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या छापखान्यातून 500 कोरे कागद छापून आणले, फक्त निळी पट्टी आणि नाव, कडेपर्यंत. आता वर्डमध्ये वरचा मार्जिन 5 सेंटीमीटर ठेवतो आणि काळ्या शाईत मजकूर तेवढा घरी छापतो. एक कोरा कागद त्याने मलाही पाठवलाय.