ब्रॉन्ड्सबरी रोडवरच्या टेपा

‘गाइल्स, गाइल्स अँड फ्रिप’ हे नाव वकिलांच्या फर्मला शोभावं असं आहे, पण हा होता बँड. बोर्नमथचे दोघे भाऊ, मायकल ड्रमवर आणि पीटर बेस गिटारवर. त्यांना हवा होता गाणारा ऑर्गनवादक. आला रॉबर्ट फ्रिप, ज्याला ना गाता येत होतं, ना ऑर्गन वाजवता. त्यांनी त्यालाच घेतलं! सप्टेंबर १९६८ मध्ये डेरम कंपनीनं त्यांची एलपी काढली, ‘द चिअरफुल इन्सॅनिटी ऑफ गाइल्स, गाइल्स अँड फ्रिप’. तिच्यात गाण्यांच्या मधेमधे फ्रिप अगदी निर्विकार आवाजात रॉडनी टोडी नावाच्या एका जाड्या, कुरूप पोराची गोष्ट सांगत राहतो. सुरुवातीला पाचशेच्या आसपास प्रती खपल्या म्हणतात. पुढच्याच वर्षी या मंडळींतून ‘किंग क्रिमझन’ उभा राहिला, त्यांच्या पहिल्या एलपीनं प्रोग्रेसिव्ह रॉकला चेहरा दिला, आणि मग मागच्या त्या न खपलेल्या एलपीला भाव आला. ती सीडीवर पुन्हा निघाली, शेवटी सिंगल्सची शेपटं जोडून. हे नेहमीचंच.

माझा जीव अडकला आहे तो २००१ साली निघालेल्या ‘द ब्रॉन्ड्सबरी टेप्स’मध्ये. लंडनच्या ब्रॉन्ड्सबरी रोडवर ही मंडळी राहत होती आणि पीटरकडे एक रेव्हॉक्स टेपरेकॉर्डर होता. दोन ट्रॅकचं मशीन. एका ट्रॅकवर आधी वाजवून घ्यायचं; मग ते ऐकत, त्यावर नवं वाजवत, दोन्ही मिळून दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचं. पुन्हा तेच, उलट बाजूनं. दर उतरवणीला आधीचं थोडं मळतं, ड्रम मागं सरकतात, टेपची सूंसूं वाढते. आणि एकदा उतरवलं की मिसळलेलं वेगळं काढता येत नाही, त्यामुळे आधी काय, नंतर काय, हे डोक्यात पक्कं असावं लागतं. नीट कान दिला तर कोण सगळ्यात शेवटी वाजवायला बसलं तेही कळतं, कारण त्याचं वाद्य सगळ्यात लख्ख असतं. खासगी मैफलींच्या कॅसेटी हातोहात फिरवत तयार झालेल्या मराठी कानाला अशा आवाजाचं काही वाटत नाही. खरखरीच्या पलीकडचं ऐकायची त्याला सवयच असते.

१९६८ च्या उन्हाळ्यात तिथे ज्युडी डायबल आली. ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमधून नुकतीच बाहेर पडलेली गायिका. ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकातल्या जाहिरातीवरून गाठ पडली, आणि तिच्यासोबत तिचा मित्र इयन मॅकडोनाल्डही आला, बासरी आणि सॅक्सोफोन घेऊन. मॅकडोनाल्डची चाल, पीटर सिनफिल्डचे शब्द: ‘आय टॉक टू द विंड’. क्रिमझनच्या एलपीवर हे गाणं ग्रेग लेक गातो, संथ, भारदस्त, जरा दुरून. ज्युडी गाते त्याहून चपळ. शब्द उच्चारते आणि पुढे जाते, कशावर रेंगाळत नाही. गाणं एकटेपणाचं, पण तिच्या तोंडी त्याची तक्रार होत नाही. मला विचाराल तर हेच खरं. लेकचं फार सुंदर आहे, एवढंच. १९७६ च्या एका क्रिमझन संकलनात ज्युडीचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा बाहेर आलं, आणि बाकीच्या टेपांसाठी आणखी पंचवीस वर्षं थांबावं लागलं.

या टेपांत बहुतेक जण क्रिमझन शोधतात. सापडतोही. ‘व्हाय डोन्ट यू जस्ट ड्रॉप इन’चं पुढे १९७१ च्या ‘आयलंड्स’मध्ये ‘द लेटर्स’ झालं. ‘स्वीट नंबर वन’मधला एक तुकडा त्याच एलपीत ‘साँग ऑफ द गल्स’ म्हणून आला. अशी वंशावळ काढण्यात मजा आहे, मीही काढतो. पण त्या खोलीत क्रिमझन कुणालाच ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी हाच बँड होता: मिश्कील, हलका, थोडा जॅझकडे झुकलेला, आपल्याच विनोदावर खूश. तो पुढच्या कशाची पूर्वतयारी म्हणून वाजवत नव्हता. पुढे काय झालं हे विसरून ऐकलं तर तोही एक पुरता बँड आहे, आणि तो थांबला याची चुटपुट लागते. सगळंच थोर आहे असं नाही. एकेक गाणं दोनदोनदा येतं, आणि दुसऱ्या खेपेला मी पुष्कळदा पुढे सरकतो. टेपवर सापडलेला प्रत्येक इंच छापायलाच हवा, हा संग्राहकांचा हट्ट मला मान्य नाही.

ज्युडीचा तिथला मुक्काम जेमतेम काही आठवड्यांचा. पुढे तिनं बरीच वर्षं गाणं बाजूला ठेवलं, ग्रंथालयात नोकरी केली. २००९ च्या ‘टॉकिंग विथ स्ट्रेंजर्स’मधल्या ‘हार्पसाँग’ या दीर्घ गाण्यात तिनं आपली सगळी हकिगत सांगितली, आणि साथीला फ्रिपही आहे, मॅकडोनाल्डही. ती २०२० मध्ये गेली, मॅकडोनाल्ड २०२२ मध्ये. ब्रॉन्ड्सबरीच्या टेपा संपल्यावर लोक थेट क्रिमझनकडे वळतात. माझं ऐकाल तर आधी ‘हार्पसाँग’ लावा. क्रिमझन काय, कुठेही मिळतो.