शर्यतीची खतावणी

पेढीला तोटा झाला, तर जाणता व्यापारी आधी वही उघडतो आणि तोटा कोणत्या खात्यात झाला ते शोधतो. राग, पश्चात्ताप, दोषारोप हे सारे त्यानंतर. हीच शिस्त स्वतःच्या शरीराला लावण्याची वेळ मात्र थोड्यांवरच येते. पुण्याच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांची भुसार मालाची पेढी चालविणाऱ्या एका गृहस्थांवर ती सेहेचाळिसाव्या वर्षी आली.

त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. दिवसभर गादीवर बसून हिशेब आणि फोन, हीच मुलाचीही दिनचर्या होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे कळले आणि ते चालू लागले. चालण्याचे धावणे झाले, धावण्याला व्यायामशाळेची जोड मिळाली आणि दोन वर्षांनी त्यांनी मुंबईतील 'हायरॉक्स' स्पर्धेत नाव नोंदविले.

2017 मध्ये जर्मनीत सुरू झालेली ही स्पर्धा भारतात प्रथम 2025 मध्ये मुंबईत झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी मोरित्झ फ्युर्स्टे हा 2008 आणि 2012 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या जर्मन हॉकी संघाचा खेळाडू. स्पर्धेचे स्वरूप जगभर एकच असते. एक किलोमीटर धावायचे आणि एक कसरत करायची, असे आठ वेळा. कसरतींचा क्रमही ठरलेला असतो : स्की-यंत्राच्या दोऱ्या ओढत 1000 मीटर, वजन लादलेली बिनचाकी घसरगाडी म्हणजे स्लेड 50 मीटर ढकलणे, मग तशीच 50 मीटर ओढणे, बर्पी घेत 80 मीटर लांब उड्या, वल्हवण्याच्या यंत्रावर 1000 मीटर, दोन्ही हातांत वजने घेऊन 200 मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन 100 मीटर गुडघे टेकवत जाणे आणि शेवटी भिंतीवरील खुणेवर वजनदार चेंडू 100 वेळा फेकणे. पुरुषांच्या खुल्या गटात ढकलायची स्लेड 152 किलोची, वाळूची पिशवी 20 किलोची आणि चेंडू 6 किलोचा असतो.

गृहस्थांनी 1 तास 45 मिनिटांचे उद्दिष्ट ठेवले होते. लागले 1 तास 54 मिनिटे 30 सेकंद. परतीच्या वाटेवर त्यांचा निकाल तयार होता : "स्लेडने घात केला." ढकलताना पाय जागच्या जागी घसरत होते, शेजारचे तरुण पुढे जात होते, ती घटका त्यांच्या मनात रुतून बसली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रशिक्षकाला फोन करून पुढचे चार महिने आठवड्यातून चार दिवस पायांच्या ताकदीचा व्यायाम मागितला.

सनदी लेखापालाचा अभ्यास करणाऱ्या मुलीने निकालाचा कागद पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, ही नुसती रोजकीर्द झाली. खतावणी कुठे आहे?"

रविवारी दुपारी बापलेक वही घेऊन बसले. क्रमाने आलेल्या नोंदी खातेवार मांडल्या गेल्या. धावण्याचे खाते 56 मिनिटे 40 सेकंद, आठ कसरतींचे 48 मिनिटे आणि धावपट्टीवरून कसरतीच्या जागी जाण्यायेण्याचे 9 मिनिटे 50 सेकंद. ज्या स्लेडने घात केल्याचा आरोप होता, ती ढकलण्यास 4 मिनिटे 20 सेकंद लागले होते. चार महिने राबून त्यात फार तर अर्धा मिनिट वाचला असता. शिवाय स्लेड किती जड जाते हे खालच्या गालिच्यावरही अवलंबून असते. त्यामुळे एका ठिकाणच्या वेळेची दुसऱ्या ठिकाणच्या वेळेशी तुलना फसवी ठरते. वेदना जिथे सर्वाधिक झाली, तिथे तोटा सर्वाधिक नव्हता.

तोटा पहिल्याच नोंदीपासून सुरू झाला होता. पहिला किलोमीटर त्यांनी 5 मिनिटे 20 सेकंदांत धावून काढला. उरलेल्या सातांची सरासरी 7 मिनिटे 20 सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला बरोबर दोन मिनिटे अधिक. सरावातली त्यांची सुखाची गती साडेसहा मिनिटांची. मनगटावरील घड्याळाने पहिल्या किलोमीटरअखेर हृदयाचे ठोके मिनिटाला 171 नोंदविले होते. शरीराची एक मर्यादा असते. तिच्या आत राहून केलेल्या श्रमांना प्राणवायू पुरतो, ती ओलांडली की थकवा झपाट्याने साचतो आणि धावता धावता तो सहजी उतरत नाही. आरंभीच्या टाळ्यांच्या भरात गृहस्थांनी भांडवलातूनच खर्च केला होता. पुढचा दीड तास ते व्याज फेडत होते.

दुसरी गळती जाण्यायेण्याच्या खात्यात होती. पाणी पिण्यास थांबणे, कंबरेवर हात ठेवून उभे राहणे, पुढची जागा शोधणे यांत जवळजवळ दहा मिनिटे गेली होती. तिसरी गळती चेंडूफेकीत. तिला सव्वानऊ मिनिटे लागली. पत्नीने काढलेले चित्रीकरण मुलीने घड्याळ लावून पाहिले, तेव्हा त्यांपैकी साडेतीन मिनिटे चेंडू जमिनीवर पडून असल्याचे दिसले. पहिले तीस फेक एका दमात आणि नंतर वारंवार विश्रांती, असा प्रकार झाला होता. सरावात मात्र ही कसरत ते नेहमी ताज्या पायांनी, अगदी आरंभी करीत.

मुलीने अंदाजपत्रक मांडले. धावण्याची सरासरी 6 मिनिटे 45 सेकंद राखली तर 2 मिनिटे 40 सेकंद, जाण्यायेण्यात 2 मिनिटे 20 सेकंद आणि दहा-दहाच्या फेऱ्यांत चेंडू फेकला तर 2 मिनिटे, अशी 7 मिनिटांची बचत होत होती. एकूण वेळ येत होती 1 तास 47 मिनिटे 30 सेकंद. तरीही मूळ उद्दिष्ट हुकतच होते. तेव्हा गृहस्थांनी हसून कबूल केले, की 1 तास 45 मिनिटांचा आकडा व्यायामशाळेतल्या एका तिशीतल्या मित्राकडून उसना घेतलेला होता.

सोमवारी हा हिशेब पेढीवर निघाला. तीस वर्षे पोती उचलणारे एक वृद्ध हमाल ऐकत उभे होते. ते म्हणाले, "शेठ, गाडी रिकामी करायची तर पहिलं पोतं आणि शेवटचं पोतं एकाच चालीनं जायला पाहिजे. पहिली दहा पोती पळत नेणारं पोरगं दुपारी सावलीला बसलेलं असतं." दोन पानांच्या खतावणीचे सार त्यात आले होते.

सरावाच्या वहीतूनही एक गोष्ट उघड झाली. घरी सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम. पेढी बंद करून कठीण व्यायाम होई तो रात्री नऊला, आणि त्यानंतर पोटात काही न घालता झोप. झिजलेल्या स्नायूंना रात्रभर काहीच मिळत नसे. नियम मोडायचा नव्हता, म्हणून कठीण व्यायाम सकाळी नेण्याचे ठरले. त्यापाठोपाठ न्याहारीला मुगाचे धिरडे आणि दूध.

सारे मांडून झाल्यावर पत्नीने कागद हातात घेतला. "अहो, यात शर्यतीनंतरचे चार दिवस कुठे आहेत?" त्या चार दिवसांत त्यांना जिना उतरता येत नव्हता, मुनीमजींवर ते विनाकारण चिडले होते आणि आईंना डोळ्यांच्या तपासणीला न्यायचे राहून गेले होते. गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "अजून एक नोंद राहिली आहे. स्लेड ढकलताना छातीत आवळल्यासारखे झाले होते. मी थांबलो नाही, आणि तुम्हाला सांगितलेही नाही."

घरात कोणी काही बोलले नाही. बावन्न हा आकडा उच्चारण्याची कोणालाच गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. हृदयाचा आलेख, सोनोग्राफी, पट्ट्यावर चालण्याची चाचणी असे सर्व झाले. चिंतेचे काही आढळले नाही. डॉक्टरांनी मात्र बजावले, की चाचणी निर्दोष आली म्हणून ती पुढची हमी समजू नये. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर त्या क्षणी थांबायचे, मग स्पर्धा कोणतीही असो.

नव्या आराखड्यात ही सूचना पहिल्या ओळीवर आहे. त्याखाली : आठवड्यातील बहुतेक धावणे सहज बोलता येईल अशा गतीने, एक दिवस कसरत करून लगेच धावण्याचा सराव, चेंडूफेक नेहमी शेवटी, थकलेल्या पायांनी, ताकदीचा व्यायाम दोनच दिवस. एका वेळी एकच बदल आणि त्याची परीक्षा सहा आठवड्यांनी, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या तर फायदा कशाने झाला ते कळत नाही. शेवटचा रकाना यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टींचा : झोप, चिडचिड, छाती, घरची राहिलेली कामे.

पुढची शर्यत अजून ठरलेली नाही. वहीत मात्र रोज नोंद पडते, आणि शेवटचा रकाना हल्ली पत्नी भरतात.