सात नंबर

परवा रात्री पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. त्यांच्या टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमला नव्या जर्सी हव्यात, अकोल्याहून छापून येणार आहेत. यादीत तीन रकाने होते: साइज, नंबर, नाव. नावांचं स्पेलिंग तेवढं मी तपासून द्यायचं. पंधरा पोरांत १८ तिघांना हवा होता, ४५ दोघांना. १० मात्र कुणीच मागितला नव्हता. विचारलं तर म्हणाला, "तो सचिनचा आहे ना, चाचू."

गंमत बघा. ही पोरं शाळेत जाण्याआधी सचिन निवृत्त झालेला. २०१७ मध्ये कोलंबोला पालघरच्या शार्दूल ठाकूरने पहिला एकदिवसीय सामना १० घालून खेळला, तर लोक त्याच्यावर तुटून पडले. शेवटी त्याने ५४ घेतला आणि १० बाजूला ठेवला गेला. आमच्या मोहल्ल्यात तर कुणी मनाई केलेली नाही, तरी पोरांनी आपणहून पाळलं. १८ त्यांच्यासाठी कोहलीचा. तो सांगलीच्या स्मृती मानधनाचाही आहे, हे मी सांगितलं तेव्हा एकाने मान हलवली, दोघांनी ऐकलं नाही. ४५ रोहितचा, आणि रोहितचा जन्म नागपूरचा, म्हणून तो आपला असं त्यांचं गणित.

यादीत एक जागा कोरी होती. नंबर ३४, साइज मिडियम, नावाचा रकाना रिकामा. पोरगा डावखुरा आहे, वेगात टाकतो. ३४ कुणाचा हे मला सांगावं लागलं नाही.

झहीर खान श्रीरामपूरचा. हे वाक्य आमच्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल! २००० साली नैरोबीला त्याने स्टीव्ह वॉचा त्रिफळा यॉर्करवर उडवला, तेव्हा आमच्याकडे टीव्ही एका घरात आणि माणसं तीस. मुंबईचा नाही, हैदराबादचा नाही, साखर कारखान्याच्या गावातला, आपल्यासारखाच मराठी बोलणारा पठाण. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला वानखेडेवर त्याने पहिली तीन षटकं निर्धाव टाकली. पुढे दहा षटकांत ६० गेल्या, ते कुणी काढत नाही. त्या स्पर्धेत त्याच्या एकवीस विकेट होत्या, आफ्रिदीइतक्याच. बुजुर्ग मात्र वसीम जाफरचं नाव घेतात. त्याच्या पाठीवर कसोटीत कधी नंबर नव्हता, कारण कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांवर नंबर आले २०१९ मध्ये. वर्ल्ड कपमध्ये १९९९ ला आले, तेव्हा कर्णधाराला १ द्यायची पद्धत होती. जाफर शेवटी विदर्भाकडून खेळला आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरला दिल्लीविरुद्ध रणजी फायनलचा विजयी चौकार त्यानेच मारला. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले.

पण पुतण्याने पुढे जे विचारलं, त्यासाठी हा सगळा लेख. "चाचू, तुम्हारा नंबर कौनसा था?"

बारा. कबड्डीत सात खेळतात, पाच बाकावर. बारा म्हणजे शेवटचा बाकावरचा.

आमच्या वेळी जर्सी नव्हती, बनियन होती. मोहल्ल्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. त्याने जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून आकडे कापून साचे केले होते. बनियन पाटावर ताणायची, साचा ठेवायचा, वरून ऑइल पेंट. वाळला की पाठीवर पापड. चार धुण्यांत तडे जायचे आणि इंग्रजी आठाचा तीन व्हायचा. नाव लिहायचे तो अक्षराला पैसे मागायचा, म्हणून नाव कुणाचंच नाही.

एक नंबर आमचा कॅप्टन, कुणब्याचा. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा. घोटा त्याच्या हाती लागला की विषय संपला. चार नंबर शिंप्याचा मुलगा, दम इतका की पंच कंटाळायचे. पाच नंबर जैनांचा, आईला चोरून खेळायचा आणि गुडघे फुटले की सायकलवरून पडलो म्हणायचा. आणि सात नंबर. पिंजाऱ्याचा मुलगा, दिवसभर गाद्या भरून संध्याकाळी मैदानात यायचा, भुवयांवर रुई तशीच. चढाईला गेला की आधी हसायचा. समोरचे सात जण त्या हसण्याने चिडायचे आणि तिथेच फसायचे. आजही दारव्हा वेशीजवळ जुन्या माणसांना त्याचं नाव विचारा, दोन मिनिटं आठवतील. "सात नंबर" म्हणा, लगेच घर दाखवतील.

जानेवारी १९९३. मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या एका गावात दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सामने असायचे. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो, वाशीम जिल्हा पुढे १९९८ ला झाला. मुंबईत काय चाललं होतं ते रेडिओवर रोज कळत होतं. इशाच्या नमाजनंतर आमच्या ओसरीवर बैठक बसली. अब्बू म्हणाले, यंदा जाऊ नका. एक नंबर दारात उभा होता. म्हणाला, "चाचा, मी हाये ना." अब्बू बराच वेळ गप्प बसले, मग उठून आत गेले. ती परवानगी समजून आम्ही सकाळी शकुंतलेत बसलो. तेव्हा तिला अजून वाफेचं इंजिन होतं.

तिथे माइकवर एक गृहस्थ असायचे. आम्हा सगळ्यांना नावानिशी ओळखायचे, नावापुढे "कारंज्याचा वाघ", "बेंबळ्याचा पूर" असं काहीबाही जोडायचे. त्या वर्षी त्यांनी एकाही खेळाडूचं नाव घेतलं नाही. आमचं नाही, समोरच्यांचंही नाही. "सात नंबर चढाईले." "चार नंबर बाद." दिवसभर आकडे. सात नंबर त्या दिवशी असा खेळला की शेवटी सगळं गाव "सात, सात" ओरडत होतं. आम्ही उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरलो. मी बाकावरच होतो.

रात्री शाळेच्या वर्गात झोपलो. पिठलं-भाकर माइकवाल्यांच्या घरून आलं. परतीच्या गाडीत सात नंबर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाव घ्यायची लाज वाटली त्याले." एक नंबर चिडला. "लाज नाही बे, तुले सांभाळलं त्यानं. गर्दीत कोण कुठून आलं कोणाले माहीत होतं?" दोघं कारंजा येईपर्यंत बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्या गृहस्थांनी पुन्हा नावं घेतली, वाघ आणि पूर सगळं. कुणीच काही विचारलं नाही. आता ते हयात नाहीत. मी स्वतः कधी एकाच्या बाजूने असतो, कधी दुसऱ्याच्या. पिठलं आठवलं की एकाच्या.

पुतण्याला मी ही गोष्ट सांगितली नाही. सरफराज खानची सांगितली. १५ फेब्रुवारी २०२४ ला राजकोटला मुंबईचा सरफराज पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याच्या पाठीवर ९७ होता. नऊ आणि सात. म्हणून बघा: नौ-सात, नौशाद. बापाचं नाव. धाकटा मुशीरही ९७ घालतो. ज्या बापाने दोघांना खेळवलं तो कॅप मिळताना मैदानात रडत होता, हे सगळ्या देशाने पाहिलं, पण आकड्यात त्याचं नाव आहे हे किती जणांना कळलं असेल? पुतण्या बोटांवर मोजत बसला, आमच्या भाईजानचं नाव कोणत्या आकड्यात बसतं ते. बसत नाही.

कोऱ्या रकान्याचं मी विचारलं. ३४ वाला म्हणाला, सध्या बाहेरगावी सामने आहेत, नाव नको, अम्मी म्हणाली. त्याच्या घरी जाऊन बोलावं असं वाटलं. मग ओसरीवर उठून आत गेलेले अब्बू आठवले आणि गेलो नाही. यादी तशीच, कोऱ्या जागेसह, अकोल्याला पाठवली.

पाठवण्याआधी सात नंबरच्या दुकानात गेलो होतो. आता गाद्यांचंच दुकान आहे, मशीनवर रुई पिंजतात, केस सगळे पांढरे, रुई की वय सांगता येत नाही. एक जादा जर्सी त्याच्यासाठी छापून आणतो म्हटलं. तो खूश झाला, साइज सांगितला, डबल एक्सएल.

"आणि नाव?"

"नाव टाक," तो म्हणाला. "पुरं टाक. बापाच्या नावासकट."