आधी पिवळं कार्ड, मग सिंह

केनियाला निघायला नऊ दिवस उरले होते. बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी फोनवर सहज विचारलं, “यलो फिव्हरची लस कधी घेतलीत?” मी गप्प. एजंटने विमान, तंबू, जीप सगळं समजावलं होतं. हे सांगितलंच नव्हतं. आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

नियम साधा आहे. केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे या लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं कार्ड, असावं लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, पासपोर्ट सोबत न्यायचा, आणि कार्ड लागू होतं ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी. पुढे ते आयुष्यभर चालतं. आम्हाला केंद्रात पाच दिवसांनंतरची वेळ मिळाली. परतीच्या दिवशी नऊच दिवस भरत होते. एक दिवस कमी! तिकिटं पुढे ढकलली, वरचे पैसे भरले.

पैशांपेक्षा मोठी काळजी अम्मींची होती. माझ्या सासूबाई, वय सहासष्ट. साठीच्या पुढे ही लस डॉक्टर तपासल्याशिवाय देत नाहीत. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना आणि नऊ महिन्यांखालच्या बाळांना तर देतच नाहीत. अम्मी म्हणाल्या, “मला नाही दिली तर तुम्ही जा. मी घर सांभाळते.” अब्बा गेल्यापासून त्या घर सांभाळतच होत्या. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्यांची यादी दोनदा वाचली, रक्तदाब मोजला आणि होकार दिला. त्या दिवशी मला कळलं की सफारीची तयारी प्राण्यांपासून नाही, घरातल्या सगळ्यात नाजूक माणसापासून सुरू करायची असते. आमच्या चुकीतून तुमचा खर्च वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

केव्हा जावं? मसाई मारात लाखोंच्या संख्येने विल्डबीस्ट येतात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. पण तेव्हा आपल्या शाळा सुरू असतात आणि दरही चढे असतात. २०२४ पासून मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोजचे १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. बुकिंग करताना हा दर पुन्हा तपासा आणि तो पॅकेजमध्ये धरला आहे का, हे लेखी घ्या. एप्रिल-मे हा तिथला मोठा पावसाळा. म्हणून शाळेच्या घरांना माझा सल्ला जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांचा. पाऊस ओसरलेला असतो, शुल्क निम्मं असतं. गवत उंच असल्याने प्राणी शोधावे लागतात, पण सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे तिथे बारा महिने असतात.

कागदपत्रं आणि सामान. केनियासाठी निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यावा लागतो, लहान मुलांचाही वेगळा. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल लसीच्या वेळीच डॉक्टरांना विचारा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून कडक बंदी आहे; कपडे कापडी पिशव्यांत भरा. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून जाऊ नका. पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. स्वेटर आणि कानटोपी हवीच.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सुमारे सहा तास. पुढे मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास, आणि शेवटचा टप्पा खडबडीत. कंबरदुखी असलेल्यांना मागच्या सीटवर बसवू नका. छोट्या विमानानेही जाता येतं, पण ते महाग पडतं आणि त्यात साधारण पंधरा किलोचीच मऊ बॅग चालते. तंबूपासून जेवणाची जागा किती लांब आहे, हेही आधीच विचारा.

हलाल जेवण. केनियात दहातला एक माणूस मुसलमान आहे. नैरोबीत जामिया मशीद भर शहरात आहे, आणि ईस्टली या सोमाली वस्तीत हलाल जेवण सहज मिळतं. जंगलातल्या कॅम्पला मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा. खात्री नसेल तिथे अंडी, डाळ, भाजी, चपाती आहेच. चपातीला तिथेही चपातीच म्हणतात.

नमाज. इथे आपण पश्चिमेकडे तोंड करतो. तिथे किब्ला जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो आणि मावळतो. त्यामुळे फजर पढून निघता येतं. पार्कात वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही. जोहरसाठी ठरलेल्या सहलीच्या जागी थांबायचं हे चालकाला सकाळीच सांगा. वुजूसाठी पाण्याची वेगळी बाटली ठेवा. कस्रचे आणि दोन नमाजा जोडण्याचे नियम मसलकानुसार वेगळे आहेत. आपल्या इमामांना विचारूनच निघा.

एक गंमत. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक! चालकाशी वेळ ठरवताना कोणतं घड्याळ, ते विचारून घ्या. ‘सफारी’ हा शब्दही आपल्या सफरचाच भाऊ, अरबीतून आलेला. वक्त तिथे ‘वाकाती’ होतो, खबर ‘हबारी’, दुकान ‘दुका’. अम्मींची उर्दू तिथे माझ्या इंग्रजीपेक्षा जास्त चालली.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलते. ज्यांच्यावर हज फर्ज झाला आहे, त्यांनी आधी तो हिशेब करावा. आणि कर्ज काढून तर सफारी करूच नये. आम्ही तीन वर्षं पैसे साठवले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका बाभळीसारख्या झाडाखाली चादर अंथरली. चालकाने बोटाने उत्तर दाखवली, मग स्वतःही शेजारी उभा राहिला. सलाम फेरून अम्मींनी समोर पाहिलं. दूर हत्तींचा कळप चालला होता, मधोमध एक पिल्लू, सगळे त्याच्या चालीने चालत होते. अम्मी बराच वेळ पाहत राहिल्या. जमिनीवर फिरा, पाहा, विचार करा, असं कुरआन का सांगतो, ते मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. जीपमध्ये बसताना अम्मी एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, मला घरी ठेवलं नाहीत.”