धनुष्याचा भाव

'अल्बियन ऑनलाइन' या खेळात मी धनुष्यं बनवतो. लढाईत फारसा उतरत नाही. साताऱ्याहून कामावरून मेढ्याला परत आलो, जेवणं उरकली की मोबाइल घेऊन बसतो आणि लाकूड, फळ्या, धनुष्यं असा माझा उद्योग सुरू होतो. हा खेळ बर्लिनच्या एका कंपनीचा. २०१७ साली आला, २०१९ पासून फुकट झाला आणि जून २०२१ मध्ये मोबाइलवर आला. घरात कॉम्प्युटर नसलेल्या माझ्यासारख्यांना तो खऱ्या अर्थानं तेव्हा मिळाला. त्याच जुलैत आमच्या जावळी-महाबळेश्वर भागात अतिवृष्टी झाली, दरडी कोसळल्या, वीज गेली, रेंज गेली, त्यामुळे सुरुवातीलाच खंड पडला. शिवाय तेव्हा सर्व्हर अमेरिकेत होता, बोट दाबल्यावर काम व्हायला वेळ लागायचा. मार्च २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर निघाला आणि मग खेळाला गती आली.

या खेळाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे अंगावरचं चिलखत, हातातलं शस्त्र, पाठीवरची पिशवी, सगळं कुणीतरी खेळाडूनं बनवलेलं असतं. राक्षसाला मारून तलवार मिळाली, तरी ती आधी कुण्या कारागिरानं घडवून 'काळ्या बाजारात' विकलेली असते. आणि 'लाल' किंवा 'काळ्या' इलाख्यात जो मरतो त्याच्या अंगावरचं सगळं जातं, त्यातलं काही लुटणाऱ्याला मिळतं, काही कायमचं नष्ट होतं. म्हणून कारागिराला काम कधी संपत नाही.

एका साध्या धनुष्याला बत्तीस फळ्या लागतात. चौथ्या पायरीची एक फळी करायची तर पाइनचे दोन ओंडके आणि खालच्या पायरीची एक फळी. कुठल्याही राजनगरात कच्चा माल वापरला की त्यातला सरासरी १५.२ टक्के परत मिळतो. लाकडाच्या फळ्या मात्र बर्फातल्या फोर्ट स्टर्लिंग शहरात पाडल्या तर ३६.७ टक्के परत मिळतो. 'फोकस' वापरला तर ५३.९ टक्के. प्रीमियम खातं असेल तर फोकसचे रोज दहा हजार गुण मिळतात, ते जपून खर्च करायचे. फळ्या झाल्या की त्या लादून लिमहर्स्ट शहरात न्यायच्या, कारण धनुष्याला सवलत तिथे आहे. तिथे ज्याचा कारखाना असेल त्याची फी द्यायची, बाजारात मांडायची पट्टी भरायची, विकलं गेलं की कर. हे आकडे एवढ्यासाठी सांगितले की नफा असतो तो या टक्क्यांच्या फटीत. ती फट फार अरुंद आहे.

आमची गिल्ड, म्हणजे खेळातली टोळी, मराठी पोरापोरींची. सातारा, सांगली, पुणे, दोघं-तिघं मुंबईत कामाला असलेले जावळीकर. त्यात दोन कारागीर असे आहेत की त्यांच्यामुळे मला या विषयावर नीट विचार करावा लागला.

एक दादा आहेत सांगलीकडचे. ते काय बनवतात, असं विचारलं तर उत्तर रोज बदलतं. आज चामड्याचे बूट, उद्या पिशव्या, परवा काहीच नाही, नुसत्या फळ्या. त्यांच्याकडे एक मोठी शीट आहे, सगळ्या शहरांचे भाव त्यात भरलेले. माल घेऊन कार्लियन शहरात जायचं म्हणजे लाल इलाख्यातून जाणं, पण काळा बाजार तिथेच आहे, म्हणून रात्री उशिरा, वाट मोकळी असताना ते निघतात. त्यांची चांदी, म्हणजे खेळातलं चलन, कोट्यवधीत आहे. गिल्डमध्ये नवा कुणी आला, त्याचं सगळं लुटलं गेलं, तर पहिला संच दादाच देतात. पैशामागे लागलेला माणूस कोरडा असतो, असं म्हणणाऱ्यांनी त्यांना एकदा भेटावं.

दुसरी ताई मिरजेची. ती फक्त कापडी झगे बनवते. दर्जाच्या पाच पायऱ्या असतात, साध्यापासून 'मास्टरपीस'पर्यंत, आणि सगळ्यात वरची पायरी नशिबानंच लागते. एक मास्टरपीस निघाला की ती रात्री ग्रुपवर फोटो टाकते. बनवणाऱ्याचं नाव वस्तूच्या माहितीत कायम राहतं, याचा तिला मनापासून आनंद आहे. कापूसही ती स्वतः वेचते, आणि झगे विकायची ते बहुतेक वेळा कापडाच्या किमतीपेक्षा कमी भावाला.

यावरून दोघांची जुंपायची. दादा म्हणायचे, "ताई, हाच कापूस तू तसाच विकला असतास तर जास्त चांदी आली असती." ताईचं उत्तर ठरलेलं, "दादा, कापूस मीच वेचलाय, मला काय पडलं? आणि नुसता कापूस विकायचा तर मी खेळू कशाला?"

दोघांचंही ऐकताना पटायचं. पण 'मीच वेचलाय, मला काय पडलं' या धर्तीचं बोलणं मी घरात लहानपणापासून ऐकत आलोय. माझे वडील सुतार. नांगर, कुळव, दाराच्या चौकटी, पलंग, सगळं त्यांच्या हातचं. आता प्लायवूड आणि ॲल्युमिनियम आल्यापासून काम कमी झालंय, तरी जुन्या घरांची माणसं त्यांच्याकडेच येतात. वडील लाकडाचा भाव सांगायचे, बिजागऱ्यांचा सांगायचे, आणि मजुरी विचारली की म्हणायचे, "घरचंच काम आहे, द्या काय द्यायचं ते." रंधा मारण्यात त्यांना आनंद आहे, तो मी डोळ्यांनी बघितलाय. पण त्या भावात दुसरा सुतार उभा राहू शकत नव्हता, हेही बघितलंय. त्याला मजुरी लावावीच लागायची, कारण त्याच्या पोरांची फी त्यातूनच जायची. वडिलांकडून स्वस्तात चौकट घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा भाव लुटीचा वाटायचा.

खेळातही हेच होतं. कारागिरी करून 'फेम', म्हणजे अनुभवाचे गुण, वाढतात, त्यासाठी शिकाऊ पोरं ढिगानं माल काढतात आणि मिळेल त्या भावाला फुंकून टाकतात. त्यात हौसेचे कारागीर भर घालतात. घेणारा वस्तू बघतो, दर्जा बघतो, सगळ्यात स्वस्त असेल ती उचलतो. बनवणाऱ्याचं नाव वस्तूवर आहे खरं, पण ते बघून कुणी घेत नाही. म्हणून माझं मत असं झालंय की हौस आणि पैसा यांचं वैर नाही, या बाजाराची रचनाच अशी आहे की त्यात हौसेला किंमत लागत नाही.

दुसरी रचना शक्य असते. २००३ साली 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' नावाचा खेळ निघाला होता, २०११ च्या डिसेंबरात बंद झाला. मी तो खेळलेलो नाही, वाचलंय फक्त. त्यात प्रत्येक खनिजाचे गुण वेगळे असायचे आणि काही दिवसांनी ते खनिज संपून दुसऱ्या गुणांचं निघायचं. चांगलं खनिज ओळखून साठवून ठेवणारा कारागीर खरंच वेगळं शस्त्र करू शकायचा. त्याचं स्वतःचं दुकान असायचं आणि लोक नाव ऐकून लांबून तिथे यायचे. तिथे हौस असलेला माणूसच श्रीमंत व्हायचा, कारण खनिजांचा एवढा नाद दुसऱ्या कुणाला असणार?

आणि ताईच्या गावाचं उदाहरण तर समोरच आहे. मिरजेतली तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रं घडवणाऱ्यांची. फरीदसाहेब सितारमेकरांपासून तंबोरा आणि सतार तिथे घडू लागली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचं लाकूड, आणि शेवटी जवारी लावणं, म्हणजे तारांचा नाद घडवणं. गवय्याचा सूर ऐकून, त्याच्या गळ्याला मानवेल अशी जवारी लावून दिली जाते. तिथे गिऱ्हाईक नाव विचारत येतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गावाचं नाव आता कायद्यानंही जपलं जाईल. हे मी ताईला बोललो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पण जवारी लावणारा मजुरी घेतो रे." वाद तिथे मिटला.

त्यानंतर आम्ही गिल्डपुरती एक पद्धत पाडली. कच्चा माल दादा घाऊक घेतात किंवा ज्यानं वेचला त्याच्याकडून बाजारभावानं घेतात, फुकट धरत नाहीत. झगे ताई करते, धनुष्यं मी. वर कारखान्याची फी, फोकसचं मोल आणि थोडी मजुरी. माल बाजारात न मांडता थेट मागणी घेऊन द्यायचा. आधी फक्त आमचेच लोक घ्यायचे, मग आमच्याबरोबर अंधारकोठड्यांत जाणाऱ्या दुसऱ्या दोन गिल्ड मागू लागल्या. नफा दादांच्या काळ्या बाजाराइतका नाही, पण खेळातल्या चांदीतून सोनं आणि सोन्यातून प्रीमियम घेता येतं, ते आमचं त्यातून निघतं. खिशातला रुपया घालावा लागत नाही.

चांदी बाहेर रुपयांत विकणारे मात्र मला अजिबात मान्य नाहीत. नियमानंही ते बंद आहे, खातं जातं. पण नियम नसता तरी मी विरोधात असतो. चांदीला रुपयाचा भाव लागला की लाकूड तोडणं ही रोजंदारी होते, आणि तीही असल्या रोजानं की गावातला कुणी त्या पैशात सकाळी घराबाहेर पडणार नाही. आमच्या ओळखीतली दोन पोरं त्यात गेली. आता ती खेळत नाहीत.

मजुरीचा तोच हिशेब आता घरीही आहे. वडिलांच्या कामाचं एस्टिमेट हल्ली मी लिहितो. त्यात मजुरीची ओळ वेगळी असते. दोन गिऱ्हाइकं त्यावरून परत गेली, बाकीच्यांनी ती दिली. वडील अजून थोडे संकोचतात.

जावळीत, साताऱ्यात, सांगलीत आशिया सर्व्हरवर खेळणारी पुष्कळ पोरं आहेत. त्यांना माझी विनंती आहे. हवं ते बनवा, आवडतं म्हणूनच बनवा, पण बाजारात मांडण्याआधी लागलेल्या कच्च्या मालाचा त्या दिवसाचा भाव बघा आणि त्याच्या खाली विकू नका. कुणाचं तेवढ्यात विकलं जात नसेल तर लिमहर्स्टला आमच्याकडे आणून द्या, आम्ही बाजारभावानं घेऊ.