वॅटांचा जमाखर्च

आमच्या संगीत मंडळाचे दप्तर माझ्या स्वाधीन झाले, तेव्हा जमाखर्चात कलावंतांच्या बिदागीच्या खालोखाल जी रक्कम होती ती स्पीकरदुरुस्तीची होती; मैफल आटोपली की दुसऱ्या दिवशी एखादा ट्वीटर, म्हणजे उच्च स्वरांचा लहान स्पीकर, मुका झालेला आढळावा आणि कार्यकारी मंडळाने त्या खर्चास मंजुरी द्यावी, असा शिरस्ताच पडून गेला होता. ॲम्प्लिफायर फार जोरकस असल्यामुळे हे घडते, सबब त्याहून लहान घ्यावा, असा ठराव सभेपुढे यावयाचा होता.

तत्पूर्वी जळालेला ट्वीटर घेऊन मी गावातील एका वयोवृद्ध रेडिओ-कारागिराकडे गेलो. त्यांनी तो उकलून दाखविला: केसासारख्या बारीक तारेची व्हॉइस कॉइल काळीठिक्कर पडली होती आणि वॉर्निशचा करपट वास अजून दरवळत होता.

"स्पीकर केवढ्याचे?"

"शंभर-शंभर वॅटांचे. दोन आहेत."

"आणि ॲम्प्लिफायर?"

"चाळीसचा."

"मग साहेब, तो मोठा कसला? तोकडा पडतोय तो."

हे विधान वरकरणी विपरीत भासते खरे. परंतु आवाजाचे बटण चढविताच ऑसिलोस्कोपवर तरंगांचे गोलाकार शेंडे सपाट छाटले जाताना मी पाहिले आणि माझा संशय फिटला. गायकाचा आलाप एक-दोन वॅटांत भागतो, पण तबल्याची एखादी खणखणीत थाप क्षणमात्र त्याच्या कितीतरी पट शक्ती मागते. ती मागणी पुरविण्याचे सामर्थ्य नसले की ॲम्प्लिफायर तरंग छाटतो, त्या छाटण्यातून मूळ स्वरात नसलेली उच्च कंपने उपजतात, आणि ४० वॅटांचे ते यंत्र जवळजवळ ८० वॅटांपर्यंत शक्ती लोटू लागते. स्पीकरच्या पेटीवर छापलेले १०० वॅट मुख्यत्वे खर्जाचे स्वर वाहणाऱ्या वूफरच्या भरवशावर असतात. नाजूक ट्वीटर स्वतः थोडकेच वॅट सोसतो, आणि ही सारी उच्च कंपने नेमकी त्याच्याच वाट्यास येतात.

२५० वॅटांच्या ॲम्प्लिफायरची सूचना मी मांडली, तेव्हा श्रोत्यांचे कान फुटतील अशी हरकत निघाली. ती मला निराधार वाटली, कारण शक्ती दुप्पट केली तरी ध्वनी ३ डेसिबलच वाढतो, आणि आवाज कानास दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट वॅट लागतात. बटण बेतानेच ठेवावयाचे होते. वाढीव शक्ती केवळ त्या थापांसाठी राखीव होती. नवे यंत्र आले, आणि द्रुत लयीतील तबलासुद्धा प्रथमच निर्मळ ऐकू आला.

पुढे मागील रांगांसाठी त्याच तारेवर आणखी दोन स्पीकर जोडावेत, अशी मागणी आली. ती मी साफ नामंजूर केली. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४ ओहम होतात, चार जोडल्यास २. आणि आमच्या यंत्रास ४ ओहमखालचा भार वर्ज्य आहे. मागच्या बाजूस स्वतंत्र ॲम्प्लिफायर बसविण्याची तरतूद चालू अंदाजपत्रकात केली आहे.