घाटाखालचा वेळ

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके आधुनिक यंत्रविद्येच्या संपर्कात फार लवकर आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील रूळ खुले होईपर्यंत पुण्याकडे जाणारे प्रवासी येथे गाडीतून उतरून पालखीने किंवा पायी घाट चढत असत. १९१५ मध्ये खोपोलीला आणि १९२२ मध्ये भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली, तेव्हा देशातील बहुतेक शहरांना विजेची ओळखही नव्हती. तरीही या साऱ्या यंत्रणा या भूमीसाठी उभारलेल्या नव्हत्या, तर या भूमीतून पलीकडे जाण्यासाठी किंवा येथील उतार आणि पाऊस वापरून दुसरीकडचे कारखाने चालवण्यासाठी उभारल्या गेल्या होत्या. कर्जतहून मुंबईला नोकरीसाठी जाण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवलेल्या प्रस्तुत लेखकाचे मत या वस्तुस्थितीतूनच घडले आहे. कोणत्याही तंत्राची किंमत करताना ते किती वेगवान आहे यापेक्षा ते कोणाचा वेळ वाचवते आणि त्यासाठी कोणाचा वेळ व कोणाचे श्रम खर्ची पडतात, हे आधी विचारावे, असे ते मत आहे.

विजेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाट उतरून खोपोलीच्या केंद्रात येते व तेथील जनित्रे फिरवते, आणि त्या विजेचे पहिले मोठे गिऱ्हाईक मुंबईच्या कापडगिरण्या होत्या. वीज तयार झाल्यावर केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अवजल म्हणतात. खोपोलीचे अवजल पाताळगंगेत जाते, तर भिवपुरीच्या अवजलावर राजनाला कालवा चालतो आणि कर्जत तालुक्यातील अनेक गावांत पावसाळा संपल्यावरही दुबार भातशेती त्यामुळेच होऊ शकते. म्हणजे गिरणीसाठी केलेल्या योजनेतून शेतकऱ्याच्या वाट्याला जे आले, ते मुख्य हेतूच्या शेपटाशी उरलेले पाणी होते, आणि तेवढ्यानेही येथील शेतीचे रूप बदलले. उलट त्याच डोंगरांतील अनेक ठाकूर-कातकरी वाड्यांवरून विजेच्या तारा दशकानुदशके गेल्या, पण वाडीतला दिवा मात्र स्वातंत्र्यानंतर कितीतरी उशिरा लागला. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा मार्ग निवडला, कारण राजधानीचे चाक कोणत्या धाग्यावर फिरते हे येथील माणसांना डोळ्यांसमोर दिसत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले.

रेल्वेचा संबंध याहून अधिक रोजचा आणि म्हणून अधिक खोल आहे. बोरघाटात दर ३७ फुटांमागे १ फूट अशी चढण असल्याने लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात, कर्जतला जोडली जातात, आणि लांबच्या गाड्यांतील प्रवाशांना कर्जत आठवते ते या थांब्यामुळे आणि फलाटावरच्या बटाटेवड्यामुळे. स्थानिक माणसाचे स्टेशन मात्र वेगळे असते. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे आणि फास्ट लोकललाही तेथे पोचायला सुमारे दोन तास लागतात. त्यात घरापासून स्टेशनपर्यंतचा आणि शेवटच्या स्टेशनापासून कचेरीपर्यंतचा वेळ मिळवला की दिवसाचे पाच-साडेपाच तास केवळ जाण्यायेण्यात जातात. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या खोपोलीच्या वाटेवरील स्थानकांचे हाल आणखी वेगळे आहेत, कारण कर्जत-खोपोली मार्ग एकेरी असल्याने गाड्या मोजक्या असतात आणि एक चुकली तर पुढच्या गाडीसाठी तासाहून अधिक थांबावे लागते. त्यामुळे या पट्ट्यातील घरांत दिवसाचे भाग सकाळ, दुपार असे न पडता गाडीच्या वेळेवर पडतात. डबा केव्हा भरायचा, मुलाला केव्हा उठवायचे आणि आजाऱ्याला औषध केव्हा द्यायचे, हे सगळे कोणती लोकल पकडायची यावर ठरते.

अशा माणसाला कचेरीत भेटणारी पहिली गोष्ट म्हणजे हजेरीचे यंत्र. पूर्वी मस्टर, म्हणजे सहीची वही, साहेबांच्या टेबलावर असे आणि गाडी अडकल्याचे तोंडी सांगितले तर बहुतेक वेळा ते ऐकले जाई. बोटाचा ठसा घेणारे यंत्र आल्यावर मिनिटाचा हिशेब पक्का झाला, परंतु ऐकणारे कोणी राहिले नाही. ठरलेल्या वेळेनंतर उमटलेल्या ठशाला लेट मार्क म्हणतात, आणि असे काही लेट मार्क जमले की अर्ध्या दिवसाची रजा कापण्याची पद्धत अनेक खासगी कचेऱ्यांत रूढ आहे. हा उशीर मात्र नेहमी माणसाच्या हातात नसतो. पावसाळ्यात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीचे पाणी रुळांवर येते, हे या मार्गावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. २७ जुलै २०१९ रोजी तेथेच महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा सारा देश ते दूरदर्शनवर पाहत होता. त्याहून लहान पुरांच्या दिवशी वांगणीअलीकडे खोळंबलेल्या कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस कापला गेल्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे आणि सहप्रवाशांच्या बाबतीत तो वारंवार पाहिला आहे. यंत्राने नोंद चुकीची केली, असे येथे म्हणता येत नाही, कारण ठसा खरोखरच उशिरा उमटला होता. अन्याय आहे तो पहाटे घर सोडलेल्या माणसाला आळशी माणसाच्या रकान्यात टाकण्यात, आणि तो रकाना आखणारी माणसेच आहेत.

हातातल्या फोनने या प्रवाशाचे भले केले, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. एका मराठी तरुणाने तयार केलेल्या एम-इंडिकेटर या अ‍ॅपमुळे वेळापत्रक खिशात आले, गाडी कोठे रखडली आहे हे घर सोडण्यापूर्वी कळू लागले, आणि फोनवर तिकीट व पास निघू लागल्याने खिडकीपुढची रांग टळली. डब्यातल्या सहप्रवाशांच्या फोनवरच्या ग्रुपमधील कोणी दोन दिवस दिसले नाही तर चौकशी होते, रक्त हवे असेल तर निरोप काही मिनिटांत कल्याणपर्यंत पोचतो, आणि यातील काहीही कमी मोलाचे नाही. परंतु त्याच फोनवर कचेरीचाही ग्रुप असतो. पूर्वी नोकरीची हद्द कचेरीच्या दारापाशी संपत असे आणि गाडीतले दोन तास, कितीही दाटीवाटीचे असले तरी, साहेबाच्या आवाक्याबाहेरचे असत. आता बसायला जागा मिळण्यापूर्वीच दिवसाचे पहिले काम येते आणि परतीच्या गाडीत नेरळ आले तरी शेवटचे काम संपलेले नसते. २०२२ पर्यंत फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात, तेव्हा तेथे रेंज जाई तेवढाच काय तो खंड होता.

या बदलाविषयी बोलताना जुन्या डब्यातील भजने, पत्ते आणि गप्पा यांची आठवण काढण्याचा प्रघात आहे. ती आठवण खरी असली तरी अपुरी आहे, कारण ती मुख्यतः पुरुषांच्या डब्याची आहे. स्त्रियांच्या डब्यात तेव्हाही संध्याकाळी भाजी निवडली जात होती, शेंगा सोलल्या जात होत्या, म्हणजे घरचे काम गाडीत आलेलेच होते. फोनने त्यावर कचेरीचे काम चढवले, आणि एका हाताने मेथी निवडत दुसऱ्या हाताने साहेबांना उत्तर लिहिणारी कर्जतची बाई आज एकाच वेळी तीन कामे करते, कारण मुलाचा अभ्यासही ती त्याच फोनवरून विचारत असते. तिच्या विरंगुळ्यासाठी हळहळण्याआधी तिला तो कधी मिळाला होता का, हे पाहणे आवश्यक आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोकल बंद झाल्या आणि ज्यांचे काम घरून होण्यासारखे होते त्यांच्या हाती दिवसाचे पाच तास अचानक परत आले. ते तास फार काळ त्यांच्याकडे राहिले नाहीत. प्रवास नाही म्हणून सकाळची बैठक लवकर, आणि घरीच आहात म्हणून रात्रीची बैठक उशिरा, अशी सवय लागली व गाड्या पूर्ववत झाल्यावर प्रवास परत आला, पण ती सवय गेली नाही. नोकरीच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. तशाच आशयाचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. शहरात राहणाऱ्याला हा एक तास वाटतो, परंतु कर्जतच्या माणसासाठी तो अनेकदा ठरलेली गाडी चुकवणारा तास असतो आणि खोपोलीच्या माणसाला त्याची किंमत दुप्पट पडते. कचेऱ्यांच्या वेळा मागेपुढे करण्याचा उपाय अशक्य नाही. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतील कार्यालयातच दोन वेगवेगळ्या वेळा लागू केल्या आणि इतर कचेऱ्यांनाही तसे आवाहन केले.

तंत्रापासून दूर राहिल्याने माणूस सुखी होतो, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येत नाही, आणि त्याचा पुरावाही याच तालुक्यात आहे. कर्जत तालुक्यातील माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे मुख्यतः पायी, घोड्यावरून किंवा नेरळहून येणाऱ्या १९०७ सालच्या छोट्या गाडीने जावे लागते. झाडी, तांबडी वाट आणि शांतता यांसाठी पर्यटक या नियमाचे कौतुक करतात व ते योग्यही आहे. परंतु मोटार नाकारल्याने वजन नाहीसे होत नाही, ते कोणाच्या तरी खांद्यावर जाते. माथेरानमध्ये ते हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या खांद्यावर गेले. एक माणूस पुढून ओढतो आणि मागून एक किंवा दोघे ढकलतात, अशा रीतीने चढणीवरून माणूस माणसाला वाहून नेतो, आणि पावसाळ्यात तांबड्या चिखलातून हे काम करणाऱ्यांचे गुडघे व छाती वयाच्या फार आधी थकतात.

डिसेंबर २०२२ मध्ये येथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा वृद्ध, रुग्ण आणि शाळेला जाणारी मुले यांना परवडणारे वाहन मिळाले. घोडेवाल्यांची धास्तीही खोटी नव्हती, कारण त्यांचे घर त्या वाटेवरच चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले आणि गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा खरेदी करून त्या भाड्याने देण्याची योजना करावी, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. या आदेशातील सर्वांत महत्त्वाची बाब प्रस्तुत लेखकाच्या मते वाहनाच्या बॅटरीत नसून ते कोणाला मिळावे या कलमात आहे. पहिला हक्क प्रत्यक्ष हातरिक्षा ओढणाऱ्यांचा, आणि उरलेल्या रिक्षांसाठी परिसरातील आदिवासी स्त्रिया व इतर गरजू, असा क्रम न्यायालयाने घातला आहे. हातरिक्षाचा परवाना एकाच्या नावावर आणि ओढणारा दुसरा, अशी स्थिती जेथे असेल तेथे यादी कागदावरून न करता दस्तुरी नाक्यावर उभे राहून करावी लागेल. तसेच पायथ्याच्या वाड्यांतून करवंदे-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन पहाटे डोंगर चढणाऱ्या ठाकूर-कातकरी बायकांपर्यंत अर्ज पोचवायचा असेल, तर त्या बाजार आटोपून खाली परततात त्या वेळेला सरकारी माणसाने वाडीत जाऊन बसायला हवे.